डावऱ्या हाताचा आल्बर्ट

मंजुळा थापा मारायची, हे पंतनगरातल्या त्यांच्या बिल्डिंगीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. वाईट थापा नाही हां. कुणाचं नुकसान करणाऱ्या नाहीत. पाणी का गेलं एवढं कुणी विचारलं तरी ती सांगायची, टाकीत कासव शिरलंय, परातीएवढं, आणि महापालिकेची चार माणसं त्याला समजावतायत. ऐकणारा तोंड दाबून हसायचा, पण गच्चीवर जाऊन टाकीत एकदा डोकावून यायचाच. अठ्ठावन्न वर्षांची बाई, केस पांढरे, आणि थाप मारताना चेहरा असा सरळ, जणू बँकेत सही करतेय.

पण तिची सगळ्यात मोठी थाप बिल्डिंगीत कुणाला कळलीच नव्हती. तिच्या नवऱ्याला तर मुळीच नाही.

मंजुळा मुलुंडला एका गाळ्यात कामाला जायची. अकरा वर्षं झाली. काय काम करता, असं विचारलं की म्हणायची, "स्कूटरच्या ब्रेकच्या वायरी." आणि त्या वायरींवर तिने काय काय इमले चढवले होते! म्हणे चेकनाक्याकडच्या उतारावर एक टँकर सुटला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, तर सगळ्या वायरी तुटल्या, एकच टिकली. ती कुठली? आमच्या गाळ्यातली. तेवढ्या एका वायरीवर तो टँकर एका वडापावच्या गाडीच्या वीतभर अलीकडे थांबला, आणि वडापाववाल्याने ड्रायव्हरला विचारलं, सुखी चटणी देऊ की ओली? तिचा नवरा शिवदास ही गोष्ट आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा. टँकरवर कुणाचाच विश्वास बसायचा नाही. ब्रेकच्या वायरीवर मात्र सगळ्यांचा.

खरं असं होतं की त्या गाळ्यात गिटारच्या तारा बनायच्या.

गिटारला सहा तारा. दोन बारीक, नुसत्या पोलादी. बाकीच्या चार जाड, त्यांच्यावर दुसरी बारीक पितळी तार गुंडाळलेली. ही गुंडाळायची तार चढवणं हेच मंजुळाचं काम. मशीनवर आतली तार गरगर फिरते, आणि बाईने हातात चामड्याचा तुकडा धरून पितळी तार तिच्यावर सोडत न्यायची, वेढ्याला वेढा चिकटून. ढिली सोडली तर तार मुकी होते, जास्त ओढली तर तुटते. तयार झाली की तिचं वेटोळं करायचं, शेपटाचे तीन पीळ देऊन बांधायचं, आणि आपल्या डब्यात टाकायचं. मग पॅकिंगवाली दर्शना ती पाकिटात भरायची.

पाकिटांवर नावं मोठमोठी. हॉल्डनबर्ग, सोनेरी पाकीट. टेरिडो, रुपेरी पाकीट. दोन्ही परदेशातल्या गिटार बनवणाऱ्या कंपन्या. पण गिटार बनवणारा तारा बनवतोच असं नाही. तो सांगतो, अमुक जाडीची तार करा आणि आमच्या पाकिटात भरा. सगळं रीतसर, करारावर. म्हणून तर गाळ्याचे मालक जयवंतशेठ पहिल्याच दिवशी बायांना म्हणाले होते, "काय बनवतो आणि कुणाच्या पाकिटात भरतो, ते ह्या दाराबाहेर बोलायचं नाही. घरी पण नाही."

आता मंजुळासारखी बाई घरी गप्प बसते होय? तिने दोन महिने कळ काढली. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याला सांगायचंच, असं ठरवून ती घरी आली, तर शिवदास आधीच दारात उभा. हातात सोनेरी पाकीट.

शिवदासचं घाटकोपरला वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी तो जयंती-उत्सवात गाणाऱ्या पार्टीत बेंजो वाजवायचा, नंतर बाजाच्या पेट्या दुरुस्त करू लागला, आणि पेट्या कमी झाल्या तशा गिटारी. कानाचा मोठा तेज माणूस. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर म्हणायचा, हिचा कुकर बदलला वाटतं.

"हात पूस आधी," तो त्या दिवशी म्हणाला होता. "हळदीचा हात लावू नको. हे बघ. हॉल्डनबर्ग. पहिल्यांदा दुकानात आणलंय. ह्याला म्हणतात तार! अशी बोलते ना, अंगावर काटा येतो. आणि गंमत बघ, शेपटाचा पीळ उलटा. म्हणजे कारागीर डावरा आहे. हाताने काम करणारा असणार, जुना माणूस."

मंजुळाने पाहिलं. पीळ तिचाच होता. गाळ्यात नऊ बाया, त्यात डावरी ती एकटी.

सांगायचं तोंडावर आलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा असा उजळला होता, की तिला वाटलं, राहू दे, उद्या सांगू. आणि उद्या तो म्हणाला, "त्याचं नाव आल्बर्ट असेल." संपलं! मग आल्बर्ट त्या घरात राहायलाच आला. आल्बर्ट सत्तर वर्षांचा. आल्बर्टच्या गावात बर्फ पडतो. आल्बर्ट बोलत नाही फार. शिवदास गिऱ्हाइकांना पीळ दाखवून आल्बर्ट सांगायचा, आणि घरी मंजुळा त्यात भर घालायची. "त्याला डबा कोण देतं हो? बायको आहे का?"

"नाही. वारली."

"अरेरे. मग मांजर तरी असेल."

आणि हाच शिवदास, घरी पाहुणे आले की बायकोच्या कानाशी कुजबुजायचा, "उजव्या हाताने वाढ गं. काय म्हणतील."

अशी अकरा वर्षं गेली. मग आला तो गुरुवार.

दिंडोशीला श्रुतिका नावाच्या मुलीचा गिटारचा क्लास होता, सोसायटीच्या हॉलमध्ये. चाळीस गिटारी. त्यांची सगळी देखभाल शिवदासकडे. गुरुवारी तो तिथून आला तो तापलेलाच. चप्पल एक इथे, एक तिथे.

"काय झालं?" मंजुळाने चहा पुढे ठेवला.

"ती श्रुतिका! मला म्हणते, काका, तुम्ही हॉल्डनबर्ग हॉल्डनबर्ग करता ना, ते नुसतं नाव आहे. सगळ्या तारा एकसारख्याच असतात. पोरांच्या आईबापांना उगाच खर्चात घालता. मला! पोरांच्या समोर!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझे डोळे बांध. तुझ्या सहा सारख्या गिटारी घे. तीनवर हॉल्डनबर्ग चढव, तीनवर टेरिडो. रविवारी सगळ्यांना बोलव. मी ऐकून सांगतो कुठली कुठली. चुकलो तर दुकानाला कुलूप लावीन."

मंजुळाच्या हातातली बशी थांबली. "कुलूप? कशाला बोलायचं असलं काहीतरी?"

"बोललो! चाळीस पोरं होती, त्यांच्या आया होत्या. आता शब्द मागे घेऊ? बाकी राहिलंय काय माझ्याकडे? गुडघे गेले, नजर गेली, हा कान तेवढा आहे. तो पण खोटा ठरला तर दुकान उघडून करायचंय काय?"

हे शेवटचं तो ओरडून नाही, हळू बोलला, म्हणून मंजुळाच्या काळजात जास्त लागलं. तिला गाळा आठवला. एकाच रिळाची तार. थोडी सोनेरी पाकिटात, बाकीची रुपेरी पाकिटात. तिच्या डोळ्यांदेखत. काय डोंबल ओळखणार हा माणूस! ओळखायला काही असेल तर ना!

तिने ठरवलं. गेला करार खड्ड्यात.

"अहो, ऐका. थट्टा नाही करत. त्या दोन्ही तारा एकच आहेत. मुलुंडला बनतात. आमच्या गाळ्यात. मी बनवते."

शिवदास तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग खांदे. मग असा हसला, असा हसला, की चहा नाकात गेला आणि मंजुळाला पाठ थोपटायला उठावं लागलं.

"अगं बाई... टँकरपेक्षा भारी! मग ब्रेकच्या वायरी?"

"ती थाप होती."

"ती थाप, आणि हे खरं?"

"हो ना! शपथ घेऊ?"

"कासवाच्या वेळी पण घेतली होतीस." त्याने डोळे पुसले. "झकास. आता बरं वाटलं बघ. आल्बर्ट म्हणजे तू! वा!"

मंजुळाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जिभेचा राग आला. तीस वर्षं ज्या तोंडाने माणसं हसवली, त्याच तोंडातून खरं बाहेर पडलं तर ते पण हसण्यावारीच जाणार, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

शिवदास मात्र शांत झाला होता. कप खाली ठेवत सहज म्हणाला, "पण एक आहे हां. हल्ली आल्बर्टची तब्येत बरी नसावी. गिऱ्हाइकांनी घरी नेऊन चढवलेलं गेल्या खोक्यातलं हॉल्डनबर्ग जरा पोकळ बोलतंय. हातात जोर नाही म्हाताऱ्याच्या."

मंजुळा मोरीकडे निघाली होती ती तिथेच थबकली.

कारण दोन महिन्यांपूर्वी मशीनवर तिचा डावा अंगठा भाजला होता. पंधरा दिवस ती घरी होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने दर्शनाला गाठलं. दर्शना पॅकिंगच्या टेबलाशी डबा उघडून बसली होती.

"दर्शना, मला सांग, कुणाचा माल कुठल्या पाकिटात, हे कोण ठरवतं गं?"

"शेठ. का मावशी?"

"म्हणजे हाताला लागेल तो डबा उचलून भरत नाहीस?"

"नाही हो! तुमचा डबा नेहमी सोनेरीत. अकरा वर्षं तोच नियम आहे. ती हॉल्डनबर्गवाली माणसं फार कटकटी, तारा वाजवून बघतात. तुमचा माल परत येत नाही. बाकी सगळ्यांचा रुपेरीत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार! मी तर समजत होते सगळं एकच."

"तार एकच आहे. हात नाही ना एक." दर्शनाने पोळीचा तुकडा तोंडात टाकला. "तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा काय वाट लागली होती माहितीये? हॉल्डनबर्गची ऑर्डर, आणि तुमचा डबा नाही. शेठ म्हणाले, भर दुसऱ्यांचा. भरला. मग तुम्ही आलात तर टेरिडोची घाई. तेव्हा तुमचा अख्खा डबा रुपेरीत गेला. तेवढ्यापुरतं सगळं उलटंपालटं. आता परत नीट चाललंय."

मंजुळाने हिशोब घातला. तो उलटापालटा माल आता बाजारात असणार. दुकानात असणार.

आणि होताच. शनिवारी दुपारी शिवदास पाकिटं घेऊन आला. चार सोनेरी, चार रुपेरी. तीन-तीन परीक्षेसाठी, एकेक जास्तीचं, तार तुटलीच तर म्हणून. संध्याकाळी ती श्रुतिकाच्या हातात द्यायची होती. पाकिटं टेबलावर ठेवून तो आडवा झाला.

मंजुळाने त्याचा चष्मा नाकावर चढवला आणि पाकिटं उलटी केली. मागे खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'भारतात तयार' आणि पॅकिंगची तारीख. सोनेरीवर तिच्या सुट्टीतली तारीख. रुपेरीवर ती परत कामावर गेली त्या आठवड्यातली.

ती पाकिटं मांडीवर घेऊन बसली.

आता बघा पंचाईत. शिवदासला काहीच ऐकू येत नसेल, सगळा नुसता नावाचा भ्रम असेल, तर तो अंदाजाने सांगेल, काही बरोबर, काही चूक. पण त्याला खरोखर ऐकू येत असेल, तर? तर तो तिच्या हाताची तार ओळखेल आणि म्हणेल, ही हॉल्डनबर्ग. आणि पाकीट निघेल टेरिडोचं. म्हणजे कान जितका खरा, तितका माणूस खोटा पडणार. चाळीस पोरांसमोर.

उपाय सोपा होता. समोर कात्री होती. पाकिटं हळूच उघडायची, आतला माल अदलाबदल करायचा, कडा गोंदाने बंद. पॅकिंग कसं असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? उद्या शिवदास सहाच्या सहा बरोबर सांगेल, पोरं टाळ्या वाजवतील, दुकान राहील. आणि आल्बर्टही राहील. बर्फातला, मांजरवाला, तिच्या घरात, तिच्या टेबलाशी, मरेपर्यंत.

तिने कात्री उचलली. आत शिवदास घोरत होता. ह्या माणसाने अकरा वर्षं दर महिन्याला तिच्या हाताचं कौतुक केलं होतं, तिच्याच तोंडावर, आणि एकदाही तिचं केलं नव्हतं. त्यात त्याची चूक काय? तिनेच तर म्हाताऱ्याला मांजर आणून दिलं.

पण तिला एक जाणून घ्यायचं होतं. हावरेपणा म्हणा हवं तर. एकदा तरी कळू दे, की नाव नाही, पाकीट नाही, डोळे बांधलेले, अशा वेळी ह्या माणसाला माझं काम ऐकू येतं की नाही. त्याचं दुकान पणाला लागलंय, हे तिला कळत होतं. कळत असून तिने कात्री परत डब्यात ठेवली. संध्याकाळी पाकिटं तशीच श्रुतिकाकडे गेली.

रविवारी सकाळी दिंडोशीच्या हॉलमध्ये ही गर्दी. पोरं, आया, सोसायटीचा वॉचमन. श्रुतिका पंचविशीची, चष्मा, बोलायला फटाका पण मनाने वाईट नाही. तिने सकाळीच तारा चढवल्या होत्या आणि कुठल्या गिटारवर कुठली तार ते कागदावर लिहून कागद घडी करून खिशात ठेवला होता.

"काका, अजून पण बघा हां. आपण नुसती गंमत म्हणून करू. ते कुलूपबिलूप सोडा ना यार."

"बांध डोळे," शिवदास म्हणाला.

मंजुळाने आपली ओढणी दिली. शिवदास खुर्चीत ताठ बसला, हात मांडीवर. श्रुतिकाने पहिली गिटार घेतली आणि जाड तारांवरून सावकाश बोट फिरवलं.

शिवदासने मान तिरकी केली. "परत." तिने परत वाजवलं. "टेरिडो."

श्रुतिकाने खिशातला कागद उघडून बघितला आणि पुढची गिटार उचलली.

दुसरी गिटार. ह्या वेळी त्याने परत वाजवायलाच लावलं नाही. चेहऱ्यावर असं काही आलं, की मंजुळाने ते लगेच ओळखलं. तरुणपणी पार्टीत बेंजो वाजवताना कोरस बरोबर लागला की त्याचा चेहरा असा व्हायचा. "हॉल्डनबर्ग," तो म्हणाला. "आला! म्हातारा बरा झाला. गेलं खोकंच खराब होतं."

तिसरी टेरिडो. चौथी टेरिडो. पाचवी, सहावी हॉल्डनबर्ग. कुठे अडखळला नाही. ओढणी सोडून हसत बसला. "बोल पोरी. किती?"

श्रुतिकाने खाली बघितलं. "काका..."

"सांग ना."

"सगळ्या चुकल्या."

"किती?"

"सहाच्या सहा. तुम्ही ज्यांना हॉल्डनबर्ग म्हणालात त्या तिन्ही टेरिडो आहेत."

मागे दोन पोरं फिसकन हसली. एका बाईने त्यांना चापटी मारली. शिवदासचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, जागा चुकलेलं. मग त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून बघत बसला. श्रुतिकालाच रडू यायला लागलं.

"थांबा," मंजुळा म्हणाली.

ती पुढे आली. आयुष्यभर लोकांपुढे बिनधास्त बोललेली बाई, पण आज पहिल्यांदा लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून बोलायचं होतं. "श्रुतिका, मला सांग. माझ्यासारख्या सुरांना बहिऱ्या बाईने नुसत्या अंदाजाने सांगितलं असतं, तर किती बरोबर आल्या असत्या?"

"दोन... तीन."

"मग एकही बरोबर येत नाही, याचा अर्थ काय? सहाच्या सहा उलट्या सांगायच्या तर ऐकू आल्याशिवाय सांगता येतात का गं?"

श्रुतिकाने परत कागदाकडे बघितलं. गणित तिच्या ध्यानात आलं होतं.

"ह्यांनी तीन-तीन बरोब्बर वेगळ्या काढल्या. पाकिटाची नावं उलटी आहेत, ह्यांचा कान उलटा नाही. ती जास्तीची दोन पाकिटं आण."

"मंजुळा," शिवदास खालच्या आवाजात म्हणाला, "आज नको. आज थाप नको गं."

"आज थाप नाही."

तिने आधी सोनेरी पाकीट फोडलं आणि आतलं जाड तारेचं वेटोळं त्याच्या हातात दिलं. "पीळ बघा."

त्याने चष्मा लावला. "उजवा आहे." मग गोंधळून म्हणाला, "उजवा कसा? आल्बर्टचा तर..."

तिने रुपेरी पाकीट फोडलं. वेटोळं दिलं. पीळ डावा होता.

"आता माझ्याकडे बघा," मंजुळा म्हणाली. तिने एका गिटारची जुनी, काढून टाकलेली तार घेतली, हवेत एक झोल दिला, तर तिचं गोल वेटोळं झालं. शेपूट डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरलं, एक, दोन, तीन. पापणी लवायच्या आत बांधून झालं. ते तिने त्याच्या मांडीवर ठेवलं, दुसऱ्या वेटोळ्याच्या शेजारी.

शिवदासने दोन्ही वेटोळी उचलली. एकावरून बोट फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं. मग बायकोच्या डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो हात आज कुणीतरी नवीन आणून लावलाय.

"ब्रेकच्या वायरी?" तो म्हणाला.

"नाही हो."

"टँकर?"

"टँकर पण नाही."

"आणि गेल्या महिन्यात ते पोकळ बोलत होतं..."

"अंगठा भाजला होता ना माझा. तुम्हीच तर बर्नॉल आणून दिलं."

श्रुतिकाने गुपचूप कागद फाडला आणि म्हणाली, "काका, तुम्ही जिंकलात. मी पण जिंकले. नाव नुसतं नावच आहे. मग तार कुठली घेऊ ते मात्र मला आता कळत नाहीये."

"पीळ बघून घे," शिवदास म्हणाला.

घरी येताना रिक्षात तो एकदाच बोलला. "शब्द शब्द असतो. पाकीट चुकलं म्हणजे चुकलं. कुलूप लावणार."

"लावा की. एक दिवस लावा."

त्याने सोमवारी कुलूप लावलं. सोमवारी दुकान तसंही बंदच असायचं. हे दोघांनाही माहीत होतं, पण दोघंही चेहरा सरळ ठेवून बसले.

सोमवारी सकाळी मंजुळा स्वतःच जयवंतशेठसमोर जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. शेठ बराच वेळ टकलावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर? कासवाची गोष्ट इथपर्यंत आलीये. जा, मशीन चालू करा." ती वळली तेव्हा पाठीमागून म्हणाले, "आणि तो चामड्याचा तुकडा शेवटपर्यंत हातात ठेवत जा. परत भाजाल."

संध्याकाळी ती घरी आली तर शिवदासने चहा करून ठेवला होता. दूध जास्त, साखर कमी. ती तसाच प्यायली. तो समोर बसला, कालचं वेटोळं हातात घेऊन.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"ह्या तारा शेवटाला, गिटारच्या पुलाजवळ, जिथे तारा बांधतात तिथे, जरा भरून बोलतात. दुसऱ्यांच्या तिथे पातळ होतात. अकरा वर्षं मी डोकं खाजवतोय. आल्ब... तू काय करतेस तिथे?"

इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मंजुळाच्या जिभेवर नेहमीप्रमाणे दोन-तीन भारी उत्तरं आली. तिने ती गिळली.

"शेवटची चार बोटं तार राहिली की मी चामडं काढून टाकते," ती म्हणाली. "नुसत्या अंगठ्याने तार सोडते. चामड्यातून कळत नाही ना, कधी ढिली पडते ते. अंगठ्याला कळतं. थोडं पोळतं, पण कळतं."

"खरं?"

"खरंच."

त्याने तिचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठा उजेडात धरला. मधोमध एक बारीक काळी रेघ होती, कातडीत मुरलेली. ती त्याने अकरा वर्षं पाहिली होती. ब्रेकच्या वायरीचं ग्रीस समजून दोनदा रॉकेलने पुसायलाही लावली होती.

"जाणार नाही ही आता," मंजुळा म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि हात काही सोडला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "त्या मांजराचं काय करायचं?"

"राहू दे," मंजुळा म्हणाली. "टाकीतल्या कासवाला सोबत होईल."